समुद्र समोर, ताटात मात्र पाला आणि चण्याचं पीठ: लिगुरियाच्या किनाऱ्यावरचं खाणं

घाटावरची

मागच्या धाग्यावर इटालियन जेवणाचा विषय निघाला आणि सगळी गाडी पिझ्झा-पास्त्यावरच अडकली. 'आमच्या भागात पिझ्झा हा बाहेरून आलेला पाहुणा आहे' असं मी तिथे लिहिलं, तर दोघातिघांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करून विचारलं, मग तुम्ही लोक खाता तरी काय? उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा धागा.

आधी 'आमचा भाग' म्हणजे कुठला ते. इटलीच्या नकाशात वायव्येला, फ्रान्सच्या सीमेपासून तोस्कानापर्यंत समुद्राला चिकटून एक अरुंद कमान दिसते, ती लिगुरिया. मधोमध जेनोवा शहर. त्याच्या पश्चिमेचा किनारा पोनेंते, पूर्वेचा लेवांते. मी जेनोवात एका संशोधन संस्थेत आहे. संस्थेचं लघुरूप आयआयटी असल्यामुळे आई सगळ्या नातेवाइकांना 'लेक आयआयटीत आहे' असं सांगते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलते.

मी पक्की घाटावरची. समुद्रकाठ म्हणजे रोज ताटात मासा, हे डोक्यात घट्ट बसलेलं. इथे मात्र जुन्या घरातल्या बायकांशी बोलायला लागलं की त्या पाल्याबद्दल बोलतात. कुठला पाला कधी कोवळा असतो, कुठला कडवट, कुठल्याला पीठ लावायचं. लिगुरियाचं रोजचं जुनं जेवण हे खरं तर डोंगराचं जेवण आहे: पाला, चण्याचं पीठ, ऑलिव्हचं तेल, चेस्टनट, अक्रोड, नंतर आलेला बटाटा. मासा आहे, पण बेताने, आणि त्यातलाही बराचसा खारवलेला किंवा वाळवलेला.

कारण जमिनीत आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतात. सपाट शेत नाही, त्यामुळे गहू जेमतेम. कुरण नाही, त्यामुळे दूधदुभतं बेताचं. आणि जो उतार वर दिसतो तोच पाण्याखाली पुढे चालू राहतो. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ साधारण ३०० किमीपर्यंत पसरलेला आहे, त्यावर आपली एवढी मासळी जगते. इथे किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खोल. जाळं ओढायला जागाच कमी.

मग माणसांनी डोंगर कापून पायऱ्या केल्या, चुना-माती न लावता दगडावर दगड रचून भिंती घातल्या आणि त्या चिंचोळ्या पट्ट्यांवर ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबं लावली. चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या रंगीत घरांच्या मागचा हिरवा डोंगर नीट पाहा, तो सगळा हाताने रचलेला आहे. १९९७ साली युनेस्कोच्या यादीत तो भाग आला. तिथे द्राक्षांच्या पाट्या न्यायला उतारावर एकाच रुळावरून चालणारी छोटी गाडी असते, गाडी कसली, इंजिन लावलेली फळीच. त्याआधी हे सगळं डोक्यावरून, पाठीवरून. त्या द्राक्षांचा काही भाग सावलीत जाळ्यांवर सुकवून त्याची शाक्केत्रा नावाची गोड वाइन करतात. महाग असते, आणि ते चढ चढून पाहिल्यावर महाग का ते कळतं.

आता फरिनाता. मला विचाराल तर लिगुरियाची ओळख पेस्तो (बेसिलची हिरवी चटणी) नाही, ही आहे. काबुली चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. संपलं. पिठाच्या तिप्पट पाणी, म्हणजे जवळजवळ ताकाइतकं पातळ. निदान चार तास, शक्यतो रात्रभर भिजू द्यायचं आणि वर आलेला फेस काढून टाकायचा. जेनोवाच्या जुन्या गल्ल्यांमध्ये अजून काही ठिकाणी लाकडाची भट्टी आहे. तिथे कल्हई केलेली तांब्याची भली मोठी परात असते, हात पसरले तरी कवेत येणार नाही अशी. परातीत भट्टीवाला आधी तेल ओततो, मग पीठ, मग लांब दांड्याच्या लाकडी चमच्याने तेल-पीठ एकत्र ढवळतो, म्हणजे तेलाचे डोळे सगळीकडे पसरतात. परात भट्टीत सरकवली की तो तिथून हलत नाही. एका बाजूला जाळ असतो, म्हणून परात सतत फिरवत राहावी लागते. बाहेर येते तेव्हा जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाड, वरून ठिपक्याठिपक्यांनी करपलेली, आत मऊ. सुरीने वेडेवाकडे तुकडे, वर भरडलेली मिरी, आणि कागदावर हातात. काठाचा तुकडा कुरकुरीत असतो, तो मागून घ्यायचा. लाजायचं नाही, सगळेच मागतात. गार झाली की मजा गेली.

पेस्तोबद्दल थोडक्यात लिहायचं ठरवलंय, बघू जमतंय का. बेसिलची पानं, लसूण, पाइन नट्स, जाडं मीठ, पार्मिजानो रेज्जानो, सार्दिनियाचं फिओरे सार्दो नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज आणि इथलंच तेल. संगमरवरी खल, लाकडी बत्ता. बेसिल कुठलंही नाही चालत. जेनोवाच्या पश्चिम टोकाला प्रा नावाची वस्ती आहे, तिथल्या काचघरातलं सगळ्यात नावाजलेलं. रोप बोटभर असतानाच मुळासकट उपटतात आणि जुडी बांधून विकतात. पानं बारीक, आतल्या बाजूला वळलेली. रोप मोठं झालं की पानाला पुदिन्याचा वास यायला लागतो आणि इथला माणूस नाक मुरडतो. २००५ पासून या बेसिलला युरोपचं डीओपी संरक्षण आहे, म्हणजे लिगुरियात समुद्राच्या बाजूच्या उतारावर पिकलं तरच ते नाव लावता येतं.

दोन गोष्टी बाटलीतला पेस्तो आणणाऱ्यांसाठी. एक, पेस्तो शिजवायचा नाही, गरमही करायचा नाही. पास्त्याचं चमचाभर पाणी घालून सैल करायचा आणि कालवायचा. दोन, पास्त्याच्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी उकडतात आणि सगळं एकत्र कालवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पास्त्यात बटाटा म्हणजे भातात पोळी कुस्करण्याचा प्रकार वाटला होता. पण बटाटा थोडा फुटतो, त्याने पेस्तो पास्त्याला धरून राहतो. हे करून बघाच.

फोकाच्चा सगळ्यांना माहीत आहे, त्यावर लिहीत नाही. एवढंच, की इथे सकाळी ती कापुचिनोत बुडवून खातात. खारट, तेलकट पाव आणि दुधाची कॉफी. हो.

खारवलेले मासे, रानपाला वगैरे प्रतिसादांत लिहीन. फोटो चढत नाहीयेत, साइझचा काहीतरी घोळ आहे.

जुना_मचवा

माशे नाय तर ता जेवाण कसला!

गंमत सोडा, छान लिहिलंय. पण समुद्रतळाचं कारण अर्धंच पटलं. उथळ तळ नसला तरी थव्याने फिरणारी मासळी वरच्या पाण्यात असतेच की. तारली, बांगडा यांना तळाशी काय देणंघेणं? त्याचं काय करतात तुमचे लोक?

टिचकीभर_हिंग

भातात पोळी कुस्करण्याला नावं ठेवू नयेत. निषेध.

बाकी लेख एक नंबर.

कांदेनवमी

मस्त धागा! एक बाळबोध प्रश्न. बेसिल म्हणजे तुळसच ना? दारात तीन कुंड्या फोफावल्यात. घरचा पेस्तो करावा म्हणते. सासूबाईंना कळू न देता.

घाटावरची

@कांदेनवमी, सासूबाईंचा मान राखा आणि पेस्तोचाही. :) तुळस आणि बेसिल एकाच कुळातल्या पण वेगवेगळ्या जाती. तुळशीला लवंगेसारखा तिखट वास असतो, कुटली की तो आणखी चढतो आणि चीजबरोबर अजिबात जमत नाही. फालुद्यात घालतो तो सब्जा मात्र बेसिलचंच बी, जात तीच. पण सब्ज्याच्या देशी रोपाला वास बराच उग्र असतो. 'जेनोवीज' असं लिहिलेलं बियाण्याचं पाकीट आणून पेरा, चार-सहा पानांवर आलं की खुडा, मोठं होऊ देऊ नका.

@जुना_मचवा, बरोबर पकडलंत. वरच्या पाण्यातली मासळी आहे, आणि तिच्यावरच इथला मासेमारीचा सगळा जीव. मुख्य म्हणजे आच्च्यूगे, इंग्रजीत अँकोव्ही. तुमच्या मांदेलीच्याच कुळातली. चिंक्वे तेर्रेमधलं मोंतेरोस्सो गाव तिच्यासाठी प्रसिद्ध. अंधाऱ्या रात्री होडीवर मोठा दिवा लावतात, उजेडाला थवा वर येतो, मग जाळं टाकतात. हंगाम उन्हाळ्याचा; खारवण्यासाठी जून-जुलैची सगळ्यात चांगली मानतात.

खारवायचं त्याच दिवशी. डोकं आणि आतडी एकाच झटक्यात बोटांनी काढायची, सुरी नाही. मग काचेच्या बरणीत जाड मिठाचा थर, त्यावर मासे चक्राकार, एकाची मानेकडची बाजू दुसऱ्याच्या शेपटीकडे, पुन्हा मीठ, पुन्हा मासे. वर पाटीच्या दगडाची गोल चकती आणि तिच्यावर वजन. दगड लांबून आणायला लागत नाही, लावान्याच्या मागच्या खोऱ्यात पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत, जेनोवातली जुनी छपरंही त्याचीच. मासा दबतो, पाणी सुटतं, वर तेलाचा तवंग येतो, तो काढून टाकत राहायचं आणि खारं पाणी कमी झालं तर वाढवायचं. दीड-दोन महिन्यांनी मांस गडद तांबूस होतं. मग धुऊन, काटा ओढून काढून, तेलात. पावावर लोणी आणि वर ही. मी मासे खायला इथे शिकले आणि सुरुवात थेट इथून झाली.

जुना_मचवा

आता कसं! वजनाखाली दाबणं आणि पाणी सुटू देणं ही खरी मेख आहे. आमच्याकडे खारा बांगडा मीठ लावून उन्हात टाकतात, कारण एप्रिल-मेचं ऊन फुकट मिळतं आणि पावसाळ्याच्या आत माल सुकायला हवा. दाबून ठेवलेल्या माशाचं मांस ओलं राहतं, त्यामुळे ते कच्चंच खाता येतं. सुकवलेलं भाजावं किंवा शिजवावंच लागतं. दोन्हीकडे मीठच, पण जेवणात जागा वेगळी.

लोण्याबरोबर खारा मासा हे मात्र डोक्यात बसत नाही.

पालेभाजीप्रेमी

आम्हा शाकाहाऱ्यांनी फरिनातेवर समाधान मानायचं का? पेस्तो तरी चालेल ना?

घाटावरची

काटेकोर शाकाहारी असाल तर मूळ कृतीतला पेस्तो चालणार नाही. पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या पोटातलं रेनेट (चीजसाठी दूध फाडणारा पदार्थ) असतं, नियमाने तेच वापरावं लागतं. फिओरे सार्दोत कोकराचं. भारतात मिळणारी बरीच चीजं सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची असतात, त्यातलं एखादं कडक, जुनं चीज घ्या. डब्यावर हिरवा ठिपका बघूनच.

पण शाकाहाऱ्यांचे इथे हाल नाहीत. फरिनाता तर चालतेच. ला स्पेत्सियाकडे मेश्चुआ नावाचं सूप करतात, त्यात छोले, पांढरा राजमा आणि गहू वेगवेगळे शिजवून शेवटी एकत्र. वर तेल आणि मिरी, दुसरं काही नाही. बंदरात पोती उतरवताना फाटक्या पोत्यांतून सांडलेले दाणे हमालांच्या बायका गोळा करायच्या, त्यातून हे आलं असं सांगतात. गोष्ट म्हणून ऐका.

आणि रानपाला. प्रेबुज्जून म्हणतात, ही एक भाजी नाही, मिश्रण आहे. वसंतात डोंगरावरून खुडून आणलेला सात-आठ प्रकारचा पाला, त्यात बोराज नावाचा पाला हवाच. त्याचं सारण भरून पानसोती करतात, म्हणजे फुगीर पोटाचे त्रिकोणी पास्ते, आणि वर अक्रोडाची पांढरी चटणी. सारणात प्रेशिन्सोआ घालतात. आंबट दही-चीज, दह्यापेक्षा घट्ट, रिकोटा या मऊ चीजपेक्षा सैल. जेनोवाच्या बाहेर मिळणं कठीण.

मंडईतली एक बाई ही जुडी देताना दर वेळी विचारते, कशासाठी हवंय? पानसोतीसाठी म्हटलं की वरचा कडू पाला काढून घेते आणि दुसरा ठेवते. तिला न सांगता उचलली तर ओरडा बसतो.

गडग्यावरचा_मुंगूस

दगडावर दगड रचलेल्या भिंती वाचून थांबलो. आमच्या रत्नागिरीकडे त्याला गडगा म्हणतात, बागेच्या कडेने जांभ्याचा. चुना नाही, सिमेंट नाही. पावसाचं पाणी फटींतून निघून जातं म्हणून भिंत उभी राहते. हुशारीने मधे सिमेंट भरलं की पुढच्या आषाढात फुगून पडते. तिकडेही हेच असणार. गडगा घालणारा गडी आता शोधून सापडत नाही. जुने गेले, पोरं मुंबईला. पडला की लोक तारेचं कुंपण घालून मोकळे.

दुसरं, डीओपीबद्दल. आमच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. त्यानेही रत्नागिरीच्या पेटीत दक्षिणेकडचा आंबा यायचा थांबला का? नाही. पेटीवर नाव एक, आत दुसरंच. तुमच्याकडे त्या बेसिलचं कोण बघतं? की तिथेही कागदावरच?

घाटावरची

भिंतीचं अगदी तेच. पाणी निघायला फट हवी. कोरड्या दगडी भिंतीची कला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, इटलीसह आठ देशांची मिळून. पण इथेही पोरं मिलान-तोरिनोला. पायऱ्या ओस पडल्या की भिंती ढासळतात आणि मोठ्या पावसात डोंगरच खाली येतो. २५ ऑक्टोबर २०११ ला वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही दोन गावं चिखला-दगडांखाली गेली होती. पाऊस प्रचंड होता हे खरंच, पण सोडून दिलेल्या पायऱ्यांचाही त्यात वाटा होता असं इथले जुने लोक आणि अभ्यासक दोघेही म्हणतात. पर्यटक त्या डोंगराचे फोटो काढतात, डोंगर टिकवणारा मात्र शेतकरीच, आणि तो म्हातारा होत चाललाय.

डीओपी कागदावर नाही. जुडीच्या कागदावर शिक्का असतो, तपासणी संस्था असते. पण पळवाट आहेच: जगभर 'पेस्तो' म्हणून जे विकलं जातं त्यात काजू, सूर्यफुलाचं तेल, बटाट्याचा चुरा, काहीही असू शकतं, कारण संरक्षण बेसिलला आहे, 'पेस्तो' या शब्दाला नाही. रेक्को गावाने जास्त शहाणपणा केला. तिथली चीजची फोकाच्चा म्हणजे यीस्टशिवायच्या कागदासारख्या दोन पातळ पोळ्या आणि मधे मऊ चीजचे गोळे. २०१५ मध्ये त्यांनी तयार पदार्थालाच आयजीपी, म्हणजे डीओपीसारखंच युरोपचं नावाचं संरक्षण, घेतलं. रेक्को, कामोल्यी, सोरी आणि आवेन्यो या चार गावांबाहेर ते नाव लावता येत नाही. जेनोवातला दुकानदार तोच पदार्थ करतो आणि पाटीवर नुसतं 'चीजची फोकाच्चा' लिहितो.

गडग्यावरचा_मुंगूस

चार गावं! आमचे पाच जिल्हे आहेत आणि पाचांचं एकमेकांशी पटत नाही. असो.

बखरीचा_कीडा

फरिनातेची जन्मकथा कोणी सांगितली नाही म्हणून. १२८४ मध्ये मेलोरियाच्या लढाईत जेनोवाने पिसाचा पाडाव केला. परतताना वादळात जहाजावरची तेलाची पिंपं आणि चण्याची पोती फुटली, सगळं खाऱ्या पाण्यात कालवलं गेलं, खलाशांनी तो लगदा उन्हात वाळवून खाल्ला आणि तोच पदार्थ झाला, अशी दंतकथा. लढाई खरी, तारीख खरी. बाकीचं मला तरी पचत नाही. चण्याचं पीठ पाण्यात कालवून भाजायला वादळ कशाला लागतं? भूमध्य समुद्राच्या काठी चणे हजारो वर्षं आहेत.

त्यापेक्षा फरिनाता कुठेकुठे गेली ते बघा, तो इतिहास जास्त भरवशाचा. फ्रान्समधल्या नीसला तीच सोक्का. जिब्राल्टरला कालेंतिता. सार्दिनियाजवळच्या बेटावर कार्लोफोर्ते गाव आहे. जेनोवाजवळच्या पेल्यी गावचे पोवळेमार आधी ट्युनिशियाच्या तबार्का बेटावर गेले आणि तिथून १७३८ मध्ये इथे वसले. दोन स्थलांतरं पचवून त्यांनी बोली आणि फरिनाता दोन्ही टिकवली. आणि जेनोवाचे लोक ब्युनोस आयर्सला गेले, तिथे ती 'फायना' झाली. पिझ्झ्याच्या तुकड्यावर फायनाचा तुकडा ठेवून खातात.

अवांतर: जेनोवाने मिरीच्या व्यापारात पैसा केला आणि जेवणात मसाला जवळपास नाही, हे कोडं मला नेहमी पडतं. हिएरोनिमो दी सांतो स्तेफानो हा जेनोवाचा व्यापारी १४९० च्या दशकात कालिकतला पोचला होता, वास्को द गामाच्या आगेमागे, पण कैरो-एडनच्या जुन्या वाटेने. मिरीचा वेल कसा असतो ते त्याने लिहून ठेवलंय. घरी मात्र लसूण आणि पाला!

घाटावरची

@बखरीचा_कीडा, फायना-पिझ्झ्याची जोडी माहीत नव्हती, सहीच. मसाल्याच्या कोड्याला इथले लोक एक उत्तर देतात: मिरी विकायची वस्तू होती, खायची नव्हती. आणि महिनोन् महिने जहाजावर सुका टोस्ट आणि खारं खाऊन परतलेल्या माणसाला घरी हिरवं हवं असायचं, म्हणून घरचं जेवण पाल्याचं. ऐकायला छान वाटतं. मला मात्र जमीन आणि गरिबी हेच कारण पुरेसं वाटतं. खलाशी नसलेल्या डोंगरातल्या गावांतही हाच पाला खातात ना.

तर्कटी_तात्या

एवढं मोठं लिहून शेवटी धिरडंच निघालं की हो.

पाटवडी

तात्या, धिरडं नाही. धिरड्याचं पीठ एवढं पातळ नसतं आणि ते तव्यावर उलटतो. फरिनाता उलटतच नाहीत, वरच्या आचेवर भाजते. पण माझं आयडी बघून ओळखलंच असेल, मी आलेय पानिस्साबद्दल विचारायला. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून, घोटून, थापून, वड्या पाडतात ना? म्हणजे पाटवडीच!

आणि एक करून पाहिलेली माहिती. घरच्या ओव्हनमध्ये नेहमीचं बेसन वापरून फरिनाता होते, पण प्रमाण बदलावं लागतं. आपलं बेसन देशी हरभऱ्याच्या डाळीचं, साल काढलेलं, बारीक. तिकडचं अख्ख्या काबुली चण्याचं. बेसन तिप्पट पाण्यात मला जरा चिकट, दाट लागलं, म्हणून पाणी थोडं वाढवलं. बेसन कच्चट वास देतं, त्याला रात्रभर भिजवणं हाच उपाय. ओव्हन २५० वर तासभर आधी तापत ठेवा, ट्रे आत ठेवूनच तापवा, तापलेल्या ट्रेत तेल, मग पीठ. आधी सगळ्यात खालच्या कप्प्यात, खालून धरलं की वर ग्रिलखाली. नॉनस्टिक केक टिन वापरू नका, कडा येत नाही. बिडाचा तवा असेल तर सोन्याहून पिवळं.

घाटावरची

@पाटवडी, कृतीबद्दल धन्स! बिडाच्या तव्याचं मलाही सुचलं नव्हतं, इथे कोणाकडे नसतोच.

पानिस्सा हो, घोटून थापलेली वडी. फरक फोडणीचा. इथे हिंग-मोहरी, खोबरं-कोथिंबीर काही नाही. गार झाल्यावर चौकोनी फोडी करून त्यावर लिंबू, तेल, कच्चा कांदा. नाहीतर बोटभर लांब तुकडे तळून कागदाच्या पुडीत. फरिनाता, पानिस्सा, तळलेला पाला असं सगळं विकणाऱ्या भट्टीच्या दुकानांना शामाद्दा म्हणतात. बंदरातल्या कामगारांचं जेवण हेच. आता त्याच दुकानांसमोर पर्यटकांच्या रांगा असतात आणि गावातले लोक साडेअकरालाच येऊन जातात.

मी एकदा पानिस्सावर मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणी घालून ऑफिसात नेली होती. डबा रिकामा आला, पण शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, छान आहे, फक्त याला पानिस्सा म्हणू नकोस.

दर्यावर्दी_बार्देश

मी गोव्याचा, बार्देशचा. क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, काम करतो, सावोनाला जहाज लागतं म्हणून हा किनारा पाठ आहे. आमच्या जहाजावर गोयंकार भरपूर. सावोनाबद्दल दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत.

एक, सावोनाला फरिनाता पांढरीही मिळते, गव्हाच्या पिठाची. जेनोवावाले तिला फरिनाता मानत नाहीत. सावोनावाल्यांना विचारू नका, तासभर सोडणार नाहीत.

दोन, किनोत्तो. लहान, गोल, कडू संत्रं. चीनहून एका खलाशाने रोप आणलं असं सांगतात. कच्चं खाताच येत नाही, तोंड वाकडं होतं. पूर्वी समुद्राच्या पाण्यात, मग मिठाच्या पाण्यात आठवडे बुडवून कडूपणा उतरवायचे, साल नखाएवढी पातळ खरवडायची आणि पाकात दिवसेंदिवस मुरवायचं. अख्खं फळ, हिरवंच. कॉफीबरोबर एक खायचं. लागवड जवळजवळ संपली होती, आता थोडी परत आलीय. त्याच नावाचं काळं, कडवट गॅसचं पेय इटलीभर मिळतं. ड्युटी संपल्यावर बर्फ घालून तेच पितो. कोकम सरबताची सवय असलेल्याला आवडेल की नाही सांगता येत नाही, मला आवडायला वेळ लागला.

स्टॉकफिशही विसरलात. नॉर्वेचा कॉड, मीठ न लावता थंड वाऱ्यावर लाकडासारखा वाळवलेला. जेनोवाला त्याची मोठी चाल. दिवसेंदिवस पाणी बदलत भिजवतात, मग बटाटे, ऑलिव्ह, पाइन नट्स घालून मंद शिजवतात. भिजवतानाचा वास आमच्या घरच्या सुक्या सुंगटांच्या डब्यालाही मागे टाकेल.

जुना_मचवा

म्हणजे समोर समुद्र असून मासा नॉर्वेहून! आता धाग्याचं शीर्षक पटलं.

ताजा मासा खायचाच असेल तर कुठे जावं?

घाटावरची

@जुना_मचवा, मे महिन्यात या. कामोल्यीला दुसऱ्या रविवारी माशांची जत्रा असते, १९५२ पासून. बंदरावर सुमारे चार मीटर व्यासाची कढई लावतात, तिला लांबच लांब दांडा, आणि तिच्यात मासे तळून सगळ्यांना वाटतात. लहान मासे, पीठ लावून, वर लिंबू. एरवी लेवांतेच्या बाजूला ला स्पेत्सियाच्या आखातात कालवं-शिंपले छान. तिथे शिंपल्यांचे दोर टांगून पैदास करतात. शिंपल्यांत सारण भरूनही शिजवतात, तिसऱ्या खाणाऱ्याला ते पटेल.

@दर्यावर्दी_बार्देश, किनोत्तोसाठी खास धन्यवाद, यावर वेगळा धागा काढाच. पांढऱ्या फरिनातेबद्दल मी जेनोवाची म्हणून मौन पाळते.

कांदेनवमी

जेनोवीजचं बियाणं मागवलं! तोपर्यंत भाऊ पुढच्या महिन्यात युरोपातून येतोय, त्याला पेस्तो आणायला सांगू का? हातातल्या बॅगेत १०० मिलीचा नियम आहे ना?

घाटावरची

तो जेनोवाच्या विमानतळावरून निघणार असेल तर गंमत आहे. २०१७ पासून तिथे पेस्तोला सूट आहे, ५०० ग्रॅमपर्यंतची बाटली हातातल्या बॅगेत नेता येते. आजारी मुलांच्या विमानप्रवासासाठी काम करणाऱ्या संस्थेला छोटी देणगी द्यायची, ते बाटलीवर चिकटपट्टी लावतात, तपासणीत वेगळं यंत्र बाटली बघतं, झालं. पण फक्त थेट विमानासाठी. मुंबईला थेट विमान नाही, त्यामुळे मधल्या विमानतळावर बाटली काढून घेतील. चेक-इनमध्येच टाकायला सांगा, कपड्यांत गुंडाळून. आणि फ्रिजमधल्या ताज्या पेस्तोऐवजी सीलबंद बाटली घ्यायला सांगा, ताजा एवढा प्रवास सोसत नाही. जागा उरली तर ताज्जास्का जातीच्या ऑलिव्हच्या तेलाचा पत्र्याचा डबा आणायला सांगा. काचेची बाटली नको.